अलिबाग परिसरातील वस्तू व सेवा कर

वस्तू व सेवा कर (संक्षेप : जीएसटी) हा भारतात १ जुलै २०१७ पासून लागू असलेला राष्ट्रीय अप्रत्यक्ष कर आहे. या लेखात महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात हा कर कोणत्या वस्तूंवर व सेवांवर कशा रीतीने आकारला जातो, याची माहिती दिली आहे. कराचे दर देशभर समान असून अलिबागसाठी कोणताही वेगळा दर नाही. मात्र मासेमारी, शेती व वाड्या, पर्यटन, जलवाहतूक आणि खतनिर्मिती हे भिन्न स्वरूपाचे व्यवसाय या एकाच तालुक्यात असल्यामुळे कराचे बहुतेक प्रमुख नियम येथील दैनंदिन व्यवहारांत पाहावयास मिळतात. एकच मासळी बाजारात करमुक्त असते, गोठवून पाकिटात भरल्यावर करपात्र होते आणि थाळीत वाढल्यावर 'सेवा' म्हणून करपात्र ठरते. तसेच एखादी वस्तू करमुक्त आहे, याचा अर्थ ती निर्माण करणाऱ्यावर कराचा भार पडत नाही, असा होत नाही.

या लेखातील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या दररचनेनुसार आहेत.

पार्श्वभूमी

वस्तूच्या प्रत्येक टप्प्यावर केवळ वाढलेल्या मूल्यावर कर घेण्याची पद्धत, म्हणजे मूल्यवर्धित कर, प्रथम १९५४ मध्ये फ्रान्समध्ये अमलात आली. तत्कालीन मुंबई प्रांतात सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा १९४६ मध्ये झाला. त्यानंतर मुंबई विक्रीकर अधिनियम, १९५९ लागू झाला व १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली. केंद्र सरकारने १ जुलै १९९४ पासून दूरध्वनी, सर्वसाधारण विमा व शेअर दलाली या तीन सेवांवर सेवाकर सुरू केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली.

या व्यवस्थेत कारखान्यातून निघणाऱ्या मालावर केंद्राचे उत्पादन शुल्क, विक्रीवर राज्याचा मूल्यवर्धित कर, परराज्यातील विक्रीवर केंद्रीय विक्रीकर आणि सेवांवर केंद्राचा सेवाकर असे वेगवेगळे कर होते. हॉटेलातील निवासावर महाराष्ट्रात स्वतंत्र ऐषआराम कर होता, तर मुंबईत येणाऱ्या मालावर महापालिकेची जकात होती. एका कराची वजावट दुसऱ्या करातून सहसा मिळत नसल्यामुळे करावर कर बसत असे. अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाने २००४ मध्ये या सर्वांऐवजी वस्तू व सेवांवर एकच व्यापक कर असावा, अशी शिफारस केली. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हा कर १ एप्रिल २०१० पासून सुरू करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. प्रत्यक्षात त्यास आणखी सात वर्षे लागली.

घटनात्मक व प्रशासकीय रचना

मूळ राज्यघटनेनुसार मालाच्या विक्रीवर कर लावण्याचा अधिकार मुख्यत्वे राज्यांकडे, तर उत्पादनावर कर लावण्याचा अधिकार केंद्राकडे होता. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४६-क समाविष्ट करून वस्तू व सेवा दोहोंवर कर लावण्याचा अधिकार केंद्र व राज्ये यांना एकत्रितपणे दिला. अनुच्छेद २७९-क नुसार वस्तू व सेवा कर परिषद स्थापन झाली. केंद्रीय अर्थमंत्री परिषदेचे अध्यक्ष असतात आणि राज्यांचे मंत्री सदस्य असतात. मतदानात केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश व सर्व राज्यांच्या मतांचे मिळून दोन तृतीयांश असते. निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते. परिषदेच्या शिफारशी संसद व विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले.

अलिबागमधील व्यवहारांना केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ आणि महाराष्ट्र वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ हे दोन्ही कायदे एकाच वेळी लागू होतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात झालेल्या व्यवहारात कराची निम्मी रक्कम केंद्राला आणि निम्मी राज्याला मिळते. व्यवहार आंतरराज्य असल्यास त्याऐवजी एकात्मिक वस्तू व सेवा कर आकारला जातो व पुढे त्याची विभागणी होते. करदात्यास पंधरा अंकाक्षरांचा नोंदणी क्रमांक मिळतो. महाराष्ट्रातील क्रमांकाची सुरुवात २७ या राज्यसंकेतांकाने होते.

आकारणीची तत्त्वे

पुरवठा : हा कर उत्पादनावर किंवा विक्रीवर नव्हे, तर 'पुरवठ्यावर' लागतो. विक्री, भाड्याने देणे, निवासाची सोय, वाहतूक, भोजन वाढणे या सर्वांचा पुरवठ्यात समावेश होतो. जमिनीची विक्री आणि बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीची विक्री यांना कायद्याने पुरवठा मानलेले नाही. त्यामुळे अलिबाग परिसरातील भूखंडाच्या किंवा तयार बंगल्याच्या खरेदीवर हा कर लागत नाही. मुद्रांक शुल्क मात्र द्यावे लागते. बांधकाम सुरू असलेले घर विकासकाकडून घेतल्यास सर्वसाधारणपणे ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या घरास १ टक्का कर लागतो.

दर : २०१७ मध्ये ५, १२, १८ व २८ टक्के असे चार प्रमुख दर होते. ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या परिषदेच्या ५६ व्या बैठकीनंतर बहुतांश वस्तू व सेवा ५ व १८ टक्के या दोन दरांत आणण्यात आल्या, तर निवडक चैनीच्या व अपायकारक वस्तूंसाठी ४० टक्के दर ठरवण्यात आला. सोन्यासारख्या काही वस्तूंचे विशेष दर वेगळे आहेत. अनेक जीवनावश्यक वस्तू करमुक्त आहेत. रायगडच्या खाडीकाठच्या मिठागरांत पिकणारे मीठ त्यांपैकी एक होय. ब्रिटिश अमदानीतील मिठावरील कर १९४७ मध्ये रद्द झाला होता आणि नव्या व्यवस्थेतही मीठ करमुक्तच राहिले.

पुरवठ्याचे ठिकाण : कर कोणत्या राज्याला मिळणार, हे पुरवठ्याच्या ठिकाणावर ठरते. हॉटेलातील निवासासाठी जेथे इमारत आहे, तेच ठिकाण मानले जाते. त्यामुळे गुजरातमधील एखाद्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अलिबागमध्ये खोल्या घेतल्या, तरी बिलावर केंद्राचा व महाराष्ट्राचाच कर लागतो. त्या कराची वजावट कंपनीला गुजरातमधील नोंदणीवर घेता येत नाही.

वजावट : नोंदणीकृत व्यावसायिकाने खरेदीवर भरलेला कर त्याला विक्रीवरील करातून वजा करता येतो. यास इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. ही वजावट या कराचा कणा असून ती कोठे मिळते व कोठे तुटते, यावर कराचा प्रत्यक्ष भार कोणावर पडतो, हे अवलंबून असते.

कराची साखळी : एक उदाहरण

गोठवलेल्या मासळीच्या एका काल्पनिक व्यवहारातून ही साखळी स्पष्ट होते. एका प्रक्रिया उद्योगाने बंदरावरून १,००,००० रुपयांची ताजी मासळी घेतली. तिच्यावर कर नाही. त्याने १०,००० रुपयांच्या प्लास्टिक पिशव्या घेतल्या व त्यांवर १८ टक्के दराने १,८०० रुपये कर दिला. मासळी गोठवून, लेबल लावलेल्या पाकिटांत भरून त्याने ती दुकानदाराला १,४०,००० रुपयांना विकली आणि ५ टक्के दराने ७,००० रुपये कर घेतला. त्यातून १,८०० रुपये वजा करून उद्योगाने सरकारजमा केलेली रक्कम ५,२०० रुपये झाली. दुकानदाराने तोच माल ग्राहकांना १,६०,००० रुपयांना विकून ८,००० रुपये कर घेतला व ७,००० रुपयांची वजावट घेऊन १,००० रुपये भरले.

सरकारकडे एकूण १,८०० + ५,२०० + १,००० म्हणजे ८,००० रुपये आले. ही रक्कम अंतिम किमतीच्या बरोबर ५ टक्के आहे. कर तीन ठिकाणी गोळा झाला, परंतु तो दिला शेवटच्या ग्राहकाने. साखळी अखंड असेल तर व्यावसायिक हा केवळ कर गोळा करणारा दुवा राहतो.

मासेमारी आणि मासळी

रेवस, बोडणी, थळ, नवगाव, वरसोली, साखर-आक्षी व रेवदंडा ही तालुक्यातील मासेमारीची प्रमुख गावे आहेत. येथील मासळीवरील आकारणी मासळीच्या जातीवर नव्हे, तर तिच्या स्थितीवर व बांधणीवर ठरते.

ताजी किंवा बर्फात ठेवलेली मासळी, कोळंबी व इतर जलचर करमुक्त आहेत. पापलेट महाग आणि बांगडा स्वस्त असला, तरी दोन्हींना एकच नियम लागू होतो. गोठवलेल्या व सुक्या मासळीवर २०१७ मध्ये ५ टक्के कर होता. नोव्हेंबर २०१७ पासून नाममुद्रा असलेल्या बंद पाकिटातील मालाखेरीज इतर गोठवलेली व सुकी मासळी करमुक्त करण्यात आली. १८ जुलै २०२२ पासून नाममुद्रेची अट जाऊन त्याजागी 'पूर्ववेष्टित व लेबलयुक्त' ही कसोटी आली. वैध मापन अधिनियम, २००९ नुसार ग्राहक समोर नसताना ठरावीक वजनात आधीच बांधून ठेवलेला माल पूर्ववेष्टित मानला जातो. त्यामुळे बाजारात कोळीण ग्राहकासमोर मोजून कागदात बांधून देते ते सुके बोंबील, सोडे किंवा जवळा करमुक्त राहतात. तोच माल ठरावीक वजनाच्या लेबल लावलेल्या पाकिटात विकल्यास ५ टक्के कर लागतो.

केवळ करमुक्त मालाचा पुरवठा करणाऱ्या व्यक्तीस नोंदणीची आवश्यकता नसते. मात्र याच कारणामुळे मच्छिमाराला वजावटही मिळत नाही. मासेमारीची जाळी, मासेमारी नौका व तिचे सुटे भाग आणि बर्फ यांवर प्रत्येकी ५ टक्के कर आहे. ५०,००० रुपयांची जाळी आणि २०,००० रुपयांचा बर्फ घेणाऱ्या मच्छिमाराने ३,५०० रुपये कर दिलेला असतो. मासळीवर कर नसल्याने तो कोठेही वजा होत नाही आणि मासेमारीच्या खर्चात मिसळून जातो. किनाऱ्यावर मासळीचा भाव लिलावात ठरत असल्यामुळे हा खर्च भावातून वसूल होईलच, याची खात्री नसते.

डिझेल हा मासेमारीचा मोठा खर्च असून ते वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो. यांत्रिक नौकांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराची प्रतिपूर्ती मच्छिमार सहकारी संस्थांमार्फत करण्याची योजना महाराष्ट्र शासन राबवते. हा परतावा वस्तू व सेवा कराच्या वजावटीचा भाग नसून स्वतंत्र शासकीय सवलत आहे.

शेती आणि वाड्या

कार्ले, खंडाळे, नेहुली या परिसरात पिकणाऱ्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले. मानांकनामुळे कांद्याचे नाव संरक्षित होते; कराच्या दरावर त्याचा परिणाम होत नाही. माळेत गुंफलेला पांढरा कांदा इतर ताज्या भाज्यांप्रमाणे करमुक्त आहे. शेतमालाची साठवण, चढ-उतार व बाजार समितीतील आडत या सेवाही करमुक्त आहेत.

नागाव, आक्षी, चौल व रेवदंडा येथील वाड्यांतील नारळ, ओला असो वा सुका, करमुक्त आहे. सुपारीच्या बाबतीत फरक आहे : ओली सुपारी करमुक्त, तर वाळवलेल्या सुपारीवर ५ टक्के कर आहे. शहाळ्याचे पाणी सुटे विकल्यास कर नाही. पूर्ववेष्टित व लेबलयुक्त असल्यास ५ टक्के कर लागतो. तांदूळ व पोहे यांनाही हीच कसोटी असून सुटा माल करमुक्त व लहान लेबलयुक्त पाकिटातील माल करपात्र आहे.

स्वतःच्या श्रमाने, कुटुंबीयांच्या मदतीने किंवा आपल्या देखरेखीखाली मजूर लावून जमीन कसणारी व्यक्ती कायद्याने 'शेतकरी' ठरते आणि आपल्या शेतातील उत्पन्नाच्या विक्रीसाठी तिला नोंदणी करावी लागत नाही. ही व्याख्या व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांच्यापुरती आहे. एखाद्या कंपनीच्या मालकीच्या वाडीस ती लागू होत नाही.

निवास आणि भोजन

मुंबईजवळचे पर्यटनस्थळ असल्याने अलिबागमध्ये हॉटेले, रिसॉर्ट, भाड्याचे बंगले आणि घरगुती निवास यांची संख्या मोठी आहे. निवासाच्या कराचा दर हॉटेलच्या दर्जावर नव्हे, तर एका खोलीच्या एका दिवसाच्या प्रत्यक्ष आकारावर ठरतो. ७,५०० रुपयांपर्यंतच्या निवासावर ५ टक्के कर असून त्या व्यवसायाला वजावट मिळत नाही. त्याहून अधिक आकार असल्यास १८ टक्के कर असून वजावट मिळते. १,००० रुपयांपर्यंतच्या निवासास असलेली करमाफी १८ जुलै २०२२ पासून रद्द झाली आहे.

शनिवार-रविवारी दर वाढत असल्याने एकाच खोलीस दोन दर लागू होऊ शकतात. मंगळवारी ६,५०० रुपयांना दिलेल्या खोलीवर ३२५ रुपये कर लागतो. त्यात केंद्राचे १६२.५० व राज्याचे १६२.५० रुपये असतात. तीच खोली शनिवारी ८,००० रुपयांना दिल्यास कर १,४४० रुपये होतो. भाडे १,५०० रुपयांनी वाढले असता ग्राहकाचे एकूण बिल ६,८२५ वरून ९,४४० रुपयांवर, म्हणजे २,६१५ रुपयांनी वाढते. वाढीव दर केवळ ७,५०० च्या वरच्या रकमेवर न लागता संपूर्ण रकमेवर लागत असल्यामुळे ही उडी दिसते.

भोजनालयातील जेवण ही कायद्याने सेवा आहे. सर्वसाधारण भोजनालयात वातानुकूलन असो वा नसो, ५ टक्के कर लागतो व मालकास वजावट मिळत नाही. ज्या हॉटेलांत मागील आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचा दिवसाचा आकार ७,५०० रुपयांहून अधिक होता, तेथील भोजनालयात १८ टक्के कर असून वजावट मिळते. सुरमईची तीच थाळी त्यामुळे रस्त्यावरील खानावळीत ५ टक्क्यांनी आणि मोठ्या रिसॉर्टमध्ये १८ टक्क्यांनी करपात्र ठरते, जरी दोन्हीकडची ताजी सुरमई एकाच बंदरावरून विनाकर आलेली असली तरी.

माणसाच्या सेवनासाठीचे मद्य घटनेनेच या कराबाहेर ठेवलेले आहे. मद्य देणाऱ्या हॉटेलच्या बिलात खाद्यपदार्थांवर वस्तू व सेवा कर आणि मद्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर असे दोन स्वतंत्र हिशेब असतात.

प्रवास आणि पर्यटन

गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा ही प्रवासी जलवाहतूक अलिबागला मुंबईशी जोडते. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली. देशातील दोन ठिकाणांदरम्यान जहाजाने होणारी सार्वजनिक प्रवासी वाहतूक करमुक्त आहे. मात्र ती मुख्यत्वे पर्यटनासाठी नसावी, अशी अट आहे. 'सार्वजनिक' याचा अर्थ सर्वांसाठी खुली असा असून बोट खासगी मालकीची असली तरी माफी मिळते, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. प्रवासासोबत स्थलदर्शन, भोजन, संगीत वा निवास यांची जोड असलेल्या सहली या माफीत बसत नाहीत. त्यामुळे मांडव्याला जाणाऱ्या नियमित बोटीतील प्रवासी पर्यटक असला, तरी त्याच्या तिकिटावर कर नसतो. समुद्रात फेरफटका मारून त्याच किनाऱ्यावर परत आणणारी मौजेची फेरी मात्र वाहतुकीच्या या माफीस पात्र नसते.

रस्त्याने येणाऱ्या प्रवाशांच्या बाबतीत एसटीची साधी बस करमुक्त असून वातानुकूलित बसच्या भाड्यावर ५ टक्के कर आहे. संरक्षित स्मारकाच्या प्रवेशशुल्कावर कर नसल्यामुळे कुलाबा किल्ल्याच्या तिकिटावर तो लागत नाही.

खतनिर्मिती

थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा अमोनिया व युरिया निर्मितीचा प्रकल्प आहे. खतांवर आरंभी १२ टक्के कर प्रस्तावित होता. अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी, ३० जून २०१७ रोजी, परिषदेने तो ५ टक्क्यांवर आणला.

युरियाची ४५ किलोची पिशवी शेतकऱ्याला कडुनिंब-लेपनाचा आकार व कर वगळून २४२ रुपये या शासननिर्धारित किमतीस मिळते व उर्वरित उत्पादनखर्च केंद्र सरकार अनुदानातून भरून काढते. कायद्यानुसार सरकारी अनुदान पुरवठ्याच्या मूल्यात धरले जात नाही. त्यामुळे ५ टक्के कर शेतकरी देतो त्या किमतीवरच लागतो. दुसरीकडे, युरियाचा मुख्य कच्चा माल असलेला नैसर्गिक वायू या कराबाहेर आहे. त्यावर भरलेल्या मूल्यवर्धित कराची किंवा केंद्रीय विक्रीकराची वजावट युरियावरील करातून मिळत नाही.

नैसर्गिक वायूबरोबरच कच्चे तेल, डिझेल, पेट्रोल व विमान इंधन ही एकूण पाच उत्पादने घटनेनुसार वस्तू व सेवा कराच्या कक्षेत येतात. परंतु परिषद तारीख ठरवेपर्यंत त्यांवर जुनेच कर चालू राहतात.

नोंदणी आणि लहान व्यावसायिक

महाराष्ट्रात केवळ मालाचा व्यापार करणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यास व सेवा देणाऱ्यास २० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यास नोंदणी करावी लागते. काही प्रसंगी, उदाहरणार्थ करपात्र माल परराज्यात विकताना, उलाढाल कितीही असली तरी नोंदणी सक्तीची असते. किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी पर्यटकांना किल्ल्याकडे नेणारा घोडागाडीवाला किंवा दोन खोल्यांचा घरगुती निवास चालवणारे कुटुंब २० लाखांच्या मर्यादेत राहिल्यास कराच्या जाळ्याबाहेर असते.

उलाढाल मोजताना करमुक्त विक्रीही धरली जाते. एकाच व्यक्तीच्या नावावर सुक्या मासळीची १५ लाखांची करमुक्त विक्री व घरगुती निवासाचे ७ लाखांचे उत्पन्न असेल, तर एकूण उलाढाल २२ लाख होऊन नोंदणी आवश्यक ठरते, जरी करपात्र भाग केवळ ७ लाखांचाच असला तरी.

नोंदणी नसलेल्या घरमालकाने ऑनलाइन आरक्षण मंचामार्फत खोली दिल्यास त्या निवासावरील कर भरण्याची जबाबदारी मंचावर असते. त्यामुळे तीच खोली थेट घेतल्यास विनाकर आणि मंचावरून घेतल्यास करासह मिळू शकते.

लहान नोंदणीकृत व्यावसायिकांसाठी आपसमेळ योजना आहे. तीत व्यापारी व उत्पादकांना उलाढालीच्या १ टक्का आणि भोजनालयांना ५ टक्के दराने ठोक कर भरता येतो. उलाढालीची मर्यादा १.५ कोटी रुपये आहे. हा कर व्यावसायिकाने स्वतःच्या उत्पन्नातून भरायचा असून ग्राहकाच्या बिलात तो वेगळा लावता येत नाही. नोंदणी नसलेल्या व्यावसायिकालाही ग्राहकाकडून हा कर घेण्यास मनाई आहे. त्यामुळे बिलात कर दाखवलेला असेल आणि नोंदणी क्रमांक नसेल किंवा 'आपसमेळ करदाता' असा उल्लेख असेल, तर ती आकारणी नियमबाह्य ठरते.

करमाफी आणि शून्य दर

सामान्य भाषेत 'करमुक्त' व 'शून्य दर' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी कायद्याने त्यांत महत्त्वाचा भेद केला आहे. करमाफीत विक्रीवर कर नसतो, पण खरेदीवर दिलेला करही परत मिळत नाही. शून्य दराच्या पुरवठ्यात, म्हणजे प्रामुख्याने निर्यातीत, विक्रीवर कर नसतो आणि खरेदीवर दिलेला कर परत मागता येतो. देशाचा कर परदेशी ग्राहकाच्या माथी जाऊ नये, हे त्यामागील तत्त्व आहे.

किनाऱ्यावरील मासळीच्या व्यवसायात हा भेद स्पष्ट दिसतो. कोळंबी गोठवून जवाहरलाल नेहरू बंदरातून परदेशी पाठवणारा नोंदणीकृत निर्यातदार पिशव्या, शीतगृह व यंत्रसामग्री यांच्याशी संबंधित कराचा परतावा नियमांनुसार मागू शकतो. तीच कोळंबी पकडणाऱ्या मच्छिमाराला जाळी व बर्फावरील कर परत मिळत नाही, कारण त्याने केलेली विक्री देशांतर्गत व करमुक्त असते. निर्यातदाराचा परतावाही त्याने स्वतः भरलेल्या करापुरताच असतो. मच्छिमाराच्या खर्चात आधीच मुरलेला कर त्यात येत नाही.

५ टक्के दराने कर घेणारी पण वजावट नसलेली भोजनालये व हॉटेले यांची स्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. ग्राहकास दिसणारा दर कमी असतो. परंतु व्यावसायिकाने फर्निचर, दुरुस्ती किंवा वातानुकूलन यंत्रे यांवर दिलेला कर खोलीच्या अथवा थाळीच्या मूळ किमतीत समाविष्ट होतो.

चर्चा आणि मर्यादा

या कराच्या बाजूने मुख्यतः असे मांडले जाते की, जकात व आंतरराज्य विक्रीकर यांसारखे अडथळे दूर होऊन देशाची एक बाजारपेठ झाली आणि वजावटीमुळे करावरील कर कमी झाला. राज्यांच्या महसुलातील तूट भरून काढण्यासाठी २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी १४ टक्के वाढीच्या हिशेबाने केंद्राने पाच वर्षे भरपाईची हमी दिली होती. तिची मुदत जून २०२२ मध्ये संपली.

टीकेचे प्रमुख मुद्दे वर्गीकरण, दरांच्या सीमारेषा आणि तुटलेल्या वजावटीविषयी आहेत. सुटा व पाकिटातील माल यांतील भेद गरिबांच्या नित्याच्या खरेदीला संरक्षण देतो. परंतु महिला बचतगट किंवा सहकारी संस्था यांनी मासळी, पोहे अथवा सुपारी नीट बांधून, लेबल लावून विकण्याचा प्रयत्न केल्यास तोच भेद त्यांना करपात्र करू शकतो. दुसरीकडे, अशी संस्था नोंदणीकृत झाल्यास तिला खरेदीवरील कराची वजावट मिळते व नोंदणीकृत घाऊक खरेदीदारांना तिच्याकडून माल घेणे सोयीचे होते. नोंदणीचा लाभ की भार, हे त्यामुळे व्यवसायाच्या आकारावर, खरेदीत कर किती आहे यावर आणि ग्राहक कोण आहे यावर अवलंबून असते.

इंधन कराबाहेर असल्याचा परिणाम अलिबागमधील जवळजवळ प्रत्येक व्यवसायावर होतो. मच्छिमार, बोटमालक, मालवाहतूकदार आणि खतप्रकल्प यांच्या मोठ्या खर्चावर जुनेच कर असून ते वस्तू व सेवा कराच्या साखळीत जोडले जात नाहीत. इंधनावरील कर हा राज्यांच्या महसुलाचा महत्त्वाचा स्रोत असल्याने परिषदेत त्यावर सहमती झालेली नाही.